सतरा नंबरचा माग

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चिंचोळी एमआयडीसीतील एका टॉवेलच्या कारखान्यात पोलिसांची गोळी सुटली आणि हरिदास म्हेत्रे नावाचा एकोणतीस वर्षांचा यंत्रमाग कामगार सतरा नंबरच्या मागापासून अवघ्या सहा हातांवर कोसळला. तो पुन्हा उठला नाही. त्याच्या उजव्या मुठीत सूत कापण्याची कात्री होती.

त्या दिवशी आबासाहेब नावाचे एक वजनदार पुढारी नवे माग पाहण्यासाठी कारखान्यात आले होते. महिन्यापूर्वी दूरच्या एका शहरात एकट्याच माणसाने भर सभेत चाकूने तिघांचे प्राण घेतले होते. त्याच्यामागे ना संघटना होती, ना साथीदार. त्यानंतर आबासाहेबांनाही एक निनावी धमकीपत्र आले होते, म्हणून त्यांच्या रक्षणार्थ उपनिरीक्षक अमृत बिराजदार यांची नेमणूक झाली होती. गोळी त्यांनीच झाडली.

संध्याकाळपर्यंत सोलापूर शहराचे दोन तुकडे झाले. एका चौकात अमृत यांच्या छायाचित्राचा फलक लागला आणि त्याला हार घातला गेला. दुसऱ्या चौकातून कामगारांचा मूक मोर्चा निघाला. पोलिसांनी दोन पळांत निर्णय घ्यायचा नाही तर काय पंचांग पाहायचे, असे एक पक्ष विचारीत होता. हातात कात्री असलेल्या प्रत्येकाला गोळी घालायची तर शहरात शिंपी उरेल काय, असे दुसरा पक्ष विचारीत होता. उत्तर कोणीच ऐकत नव्हते.

दंडाधिकारी चौकशीचे काम उपविभागीय अधिकारी यशपाल तळभंडारे यांच्याकडे आले. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. समोरच्याचे बोलणे संपल्यावरही ते क्षणभर थांबत असत, कारण खरे बोलणे पुष्कळदा त्या क्षणातच बाहेर पडते, असा त्यांचा अनुभव होता. प्राथमिक अहवालासाठी त्यांना सात दिवस मिळाले.

कागदपत्रे चाळताना एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. कारखान्यात प्रवेश करतानाच्या छायाचित्रात आबासाहेबांच्या खांद्यावर सत्काराचे रुंद जरीकाठी उपरणे होते. गोळीबारानंतर बाहेर पडतानाच्या छायाचित्रात ते नव्हते. पंचनाम्यात कात्री होती, हरिदासची चप्पल होती, फुटलेले नारळसुद्धा होते. उपरणे मात्र कोठेच नव्हते.

२

हरिदासचे घर कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात होते. दारात त्याची आई सोजरबाई पानांचे सूप मांडीवर घेऊन बसली होती, परंतु हात हलत नव्हते. धाकटी बहीण प्रतिक्षा हिने यशपालांना खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

त्या ताठ उभे राहण्यामागे कारण होते. प्रतिक्षाची पोलीस शिपाई पदासाठी निवड झाली होती. दोन वर्षे पहाटे उठून ती रस्त्यावर धावत होती, आणि भाऊ हातात घड्याळ घेऊन सायकलवरून मागे येत असे. आता केवळ चारित्र्य पडताळणी बाकी होती. हरिदासच्या नावापुढे ‘हल्लेखोर’ हा शब्द कायम झाला, तर दहशतवाद्याच्या बहिणीला वर्दी कोण देणार?

पोलिसांच्या हाती सर्वांत मोठा पुरावा होता तो हरिदासचा मोबाइल. त्यात त्या दूरच्या शहरातील हल्ल्याच्या चौदा चित्रफिती सापडल्या होत्या. यशपालांनी तो विषय काढताच सोजरबाईने लेकीकडे पाहून नकारार्थी मान हलवली. गप ऱ्हा, असे तिचे डोळे स्पष्ट सांगत होते.

“त्या मी उतरवून घेतल्या होत्या, साहेब,” प्रतिक्षा म्हणाली. “घरात फोन एकच. पुढं ट्रेनिंगमध्ये एकट्या हल्लेखोराचा विषय येतो असं क्लासमध्ये सांगितलं होतं. दादानं त्यातली एकबी पूर्ण बघितली न्हाई. त्याला रक्त बघवत नव्हतं.”

“हे लिहून घेतलं तर तुमच्या पडताळणीला अडचण येऊ शकते,” यशपाल म्हणाले.

“येऊ द्या की. खरं हाय ते.”

सोजरबाईने सूप बाजूला ठेवले. “सायेब, माजी पोर येडी हाय. पर एक इचारते. माजा ल्योक कोणाला मारायला निगाला असता, तर पाव्हणं येणार म्हणून सकाळी नवा सदरा घालून गेला असता व्हय?”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते. यशपालांनी तो टिपून घेतला. निघताना प्रतिक्षा फाटकापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली की, त्या सकाळी दादा घरातून हसत गेला होता, तथापि दहा वाजता त्याने शेजारणीच्या फोनवर फोन केला तेव्हा तो संतापलेला होता. गुरु जॉबरशी भांडण झाले एवढेच तो बोलला. कशावरून, हे सांगण्याआधीच फोन बंद झाला.

३

माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला जॉबर म्हणतात. गुरु म्याकल हा त्या कारखान्यातला सर्वांत जुना जॉबर, विणकराच्या घरात जन्मलेला, बोटांना कायमचे वंगण लागलेला माणूस. भांडण रजेवरून झाले, असे त्याने सांगितले. हरिदासला पाहुण्यांच्या दिवशीच सुट्टी हवी होती आणि ती नाकारल्यामुळे तो चिडला होता. मग तो धावत आला आणि ‘आबासाहेब, आज सोडत न्हाय’ असे ओरडला. हे सांगताना गुरु यशपालांकडे न पाहता स्वतःच्या बोटांकडे पाहत होता.

कारखान्याचे मालक बसलिंगप्पा यांनी चहा मागवला, दोनदा डोळे पुसले, आणि हरिदास अलीकडे एकलकोंडा झाला होता असे सांगितले. त्यांनीही तेच वाक्य ऐकले होते. यशपालांनी उपरण्याची चौकशी केली तेव्हा मालक हसले. “साहेब, माणूस मेला तिथं उपरण्याचा हिशोब कोण ठेवतंय? आबासाहेबांना दुसरं देऊ की.”

अमृत बिराजदार चौतीस वर्षांचे होते. गेले तीन दिवस त्यांना झोप नव्हती आणि ते त्यांनी लपवलेही नाही. त्यांचे निवेदन स्वच्छ होते. हरिदास मागांच्या ओळीतून धावत आला. त्याच्या उजव्या हातात पाते चमकत होते. डावी मूठ त्याने वर केली, आणि नंतर तोच हात स्वतःच्या गळ्यावरून आडवा फिरवला. गळा कापीन, याहून वेगळा अर्थ कोणता? ‘आज सोडत न्हाय’ हे वाक्य त्यांनीही ऐकले होते. त्यांनी तीन वेळा ‘थांब’ म्हणून इशारा दिला आणि मग गोळी झाडली.

आबासाहेबांच्या चिटणिसाने काढलेली एकोणीस सेकंदांची चित्रफीत यशपालांनी पाहिली. पाते होते. वर उचललेली मूठ होती. गळ्यावरून फिरलेला हातही होता. अमृत यांनी पाहिले ते सर्व खरे होते. चित्रफितीत आवाज मात्र एकच होता, मागांचा.

सर्वांत शेवटी आबासाहेब. ते शासकीय विश्रामगृहात उतरले होते, आणि त्यांच्या मानेच्या मागे एक बारीक तांबडा वळ होता. तो पडताना लागला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. यशपाल नेहमीप्रमाणे क्षणभर थांबले.

“खरं सांगू का,” आबासाहेब सावकाश म्हणाले, “गोळी वाजण्याआधी मला कोणीतरी मागून मानेला धरून ओढलं. पोलीसच असेल.”

यशपालांनी चित्रफीत पुन्हा लावली. दुसरा पोलीस आबासाहेबांपर्यंत पोहोचला तो गोळीनंतर. गोळीपूर्वी त्यांच्या मागे कोणीही नव्हते. मागे होता तो केवळ सतरा नंबरचा माग.

४

शुक्रवारी यशपालांनी कारखाना उघडायला लावला. बसलिंगप्पा, गुरु आणि अमृत या तिघांनाही बोलावले होते.

सोळा, सतरा आणि अठरा हे तीन नवे माग शेजारी शेजारी होते. सोळा आणि अठरा यांच्या दातेरी चाकांवरील पत्र्याच्या झाकणांवर कापसाचा थर बसला होता आणि बोल्टवरचा मूळ रंग अजून शाबूत होता. सतरा नंबरच्या झाकणाचे बोल्ट नव्याने पिळलेले, रंग उडून चकचकीत झालेले होते. झाकण काढायला लावले तेव्हा आतली चाके रॉकेलने धुतल्यासारखी स्वच्छ दिसली. आणि मागावरचा अर्धा विणलेला टॉवेल कापून नेलेला होता. तीन दिवस बंद असलेल्या कारखान्यात एकाच मागाची एवढी सेवा कोणी व का केली? गुरु म्हणाला, मी केली, रक्त उडालं होतं. परंतु रक्त सहा हात दूर सांडले होते आणि त्याचा डाग फरशीवर तसाच होता.

नंतर यशपालांनी त्या दिवशी जेवढे माग चालू होते तेवढे सुरू करायला सांगितले.

ज्याने चालू यंत्रमागांच्या मधोमध उभे राहून पाहिले नाही, त्याला तो आवाज शब्दांत सांगणे व्यर्थ आहे. तो कानाने ऐकू येत नाही, दातांत बसतो. अमृत त्यांच्या जागी उभे राहिले. यशपाल हरिदासच्या जागी, वीस पावलांवर गेले. मग त्यांनी हाताने सुचवले की, त्या दिवशी जे म्हणालात ते तेवढ्याच जोराने म्हणा.

अमृत यांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा फुगल्या. यशपालांच्या कानी काहीही पडले नाही.

माग बंद झाले. त्या अकस्मात शांततेत यशपाल परत आले आणि त्यांनी अमृत यांना विचारले, “साहेब, तुमचा आवाज त्याला ऐकू गेला नसता हे दिसलंच. आता सांगा, त्याचं वाक्य तुम्हाला कसं ऐकू आलं?”

गुरुने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. बसलिंगप्पा चहा सांगायला बाहेर गेले.

तिघांनी एकच वाक्य ऐकले, आणि ते ऐकू येणे अशक्य होते. याचा अर्थ, ते वाक्य हरिदासच्या तोंडून निघाले नव्हते. ते नंतर कोणीतरी ठरवले होते. परंतु यामुळे हरिदास निर्दोष ठरत नव्हता. न ओरडताही माणूस गळा कापू शकतो. तो धावला का, हा मूळ प्रश्न जागच्या जागी होता.

५

ते उपरणे मागाच्या चाकात गेले असावे, अशी शंका यशपालांना आली होती. नसेल, तर मानेवर वळ कशाचा? पण सबळ पुराव्यावाचून शंका म्हणजे वारा. रंगखात्याच्या भट्टीतली राख त्यांनी चाळून घेतली. जरीचा काठ जळाला तरी त्याची तार मागे उरते, आणि राखेत तसे काहीच नव्हते. तेव्हा त्यांच्या मनात आले की, कापड लपवायला कापडाहून चांगली जागा नाही. कारखान्याची चिंधी, म्हणजे वाया गेलेले सूत आणि तुकडे, कोठे जाते?

दर गुरुवारी ती पोती शहराच्या पूर्व भागात सुंदरम्मा नावाच्या वृद्धेकडे जात असत, आणि माग बंद असूनही या गुरुवारी गेली होती. एका खोलीत तिचा मुलगा माग चालवी, आणि पडवीत बसून ती चिंधी निवडी. चाळीस वर्षे मागांपाशी काढल्यामुळे तिला ऐकू कमी येत होते. तिचे मराठी तेलुगू वळणाचे होते. यशपालांनी प्रश्न विचारायला तोंड उघडले, तोच ती त्यांच्या खांद्यावरून आत पाहू लागली. तिने डावी मूठ वर उचलली. मग तोच हात स्वतःच्या गळ्यावरून आडवा फिरवला.

आतला माग तत्काळ थांबला.

मुलगा वाकून तुटलेला धागा शोधू लागला. यशपाल वही मिटून पुढे सरकले. त्यांनी अत्यंत सावकाश विचारले की, आजी, आत्ता हाताने हे काय केलंत?

सुंदरम्मा अजाण मुलाकडे पाहावे तशी त्यांच्याकडे पाहू लागली. “धागा तुटला. बंद कर म्हटलं. मागापुढं तोंडानं कोण बोलतंय? येडा हाय का तुमी?”

यशपालांनी मग उपरण्याविषयी विचारले. ती उठली, पेटी उघडली, आणि एक वस्तू त्यांच्या हाती दिली. जरीकाठाचे उपरणे. एक टोक चघळल्यासारखे फाटलेले, आणि त्यावर सारख्या अंतराने उमटलेले वंगणाचे काळे दात. तिने सांगितले की, गुरुवारच्या पोत्यात, अगदी तळाशी सापडले. “चिंधीत सगळं बोळे असतात. हे मात्र घडी करून ठेवलं होतं. चार पदरी. विणकराच्या घरातला हात हाय तो. आमच्यात विणलेलं कापड जाळत न्हाय, बोळा करून टाकत न्हाय. पाप लागतंय.”

६

सोमवारी दुपारी यशपालांच्या कार्यालयात चार खुर्च्या मांडल्या होत्या. आबासाहेब, बसलिंगप्पा, गुरु आणि अमृत. मेजावर उपरणे होते. त्याकडे पाहताच गुरुचा चेहरा उतरला.

यशपाल बोलू लागले, आणि त्यांच्या स्वरात रोष नव्हता. नव्या मागाची फिरती चाके पाहुण्यांना आणि छायाचित्रांत नीट दिसावीत, म्हणून सतरा नंबरचे झाकण त्या सकाळी काढण्यात आले. हरिदास तो माग चालवीत असे. त्याने हरकत घेतली. भांडण रजेवरून झाले नाही, त्या झाकणावरून झाले. मग त्याला ओळीच्या टोकाला उभे करण्यात आले. तेथून त्याला दिसले की, आबासाहेब समोरच्या ओळीतल्या मागावरचा टॉवेल पाहायला वाकले आहेत आणि त्यांच्या गळ्यातल्या उपरण्याचे पाठीवरचे टोक मागच्या सतरा नंबरच्या उघड्या चाकात शिरत आहे. मागाची कळ कोणाजवळ होती? गुरुजवळ. म्हणून धावता धावता हरिदासने गुरुला उद्देशून मूठ उचलली आणि गळ्यावरून हात फिरवला. माग बंद कर. गुरुचे लक्ष छायाचित्रकाराकडे होते. तेव्हा उपरणे कापून काढावे म्हणून हरिदास हातात कात्री घेऊन तसाच धावत राहिला.

आबासाहेबांचा हात नकळत मानेकडे गेला.

गोळी लागल्यानंतर दुसऱ्या पोलिसाने आबासाहेबांना खाली ओढले, तेव्हा उपरणे खांद्यावरून निसटून चाकात गेले. माग थांबवल्यावर गुरुने ते पाहिले, आणि काय घडले हे त्या खोलीत त्या क्षणी केवळ त्यालाच कळले. मालकांना त्याने सांगितले. झाकण काढल्याचा दोष मालकांवर आला असता. हरिदास हल्लेखोर ठरला, तर कोणावरच दोष येणार नव्हता. उपरणे, आणि वंगणाने माखलेला अर्धा टॉवेलही, नाहीसे करायला मालकांनी सांगितले असावे. परंतु मालकांच्या हातून ते भट्टीत गेले असते. चार पदरी घडी घालून चिंधीत ठेवणारा हात विणकराचाच.

“जाळा म्हणले व्हते मालक,” गुरु म्हणाला. “भट्टीपातूर गेलो, साहेब. हात वर उचलला न्हाई. पोराची खूण मला दिसली न्हाई, हे खरं. पर चाकात उपरणं दिसल्यावर पोरगं कशाला धावलं ते मला कळलं व्हतं. तरी मी, त्यो ‘सोडत न्हाय’ म्हणला असं लिहून दिलं.”

“मी फक्त कारखाना वाचवत होतो,” बसलिंगप्पा म्हणाले. “दीडशे घरं चालतात त्यावर.” ते पुन्हा तेच वाक्य उच्चारू लागले आणि अर्ध्यावर थांबले.

आबासाहेबांनीही मान्य केले की त्यांनी काहीच ऐकले नव्हते. सगळे म्हणत होते, म्हणून आपल्यालाही ऐकू आल्यासारखे वाटले.

राहिले अमृत. यशपाल त्यांच्याकडे वळले. “पाते होते, धावणे होते, गळ्यावरचा हात होता, तुमच्या डोक्यात ते धमकीचे पत्र होते. त्या दोन पळांत तुम्ही चुकलात की नाही, हे माझ्यापेक्षा वरचे लोक ठरवतील. मी तिथे नव्हतो. मात्र तीन वेळा ‘थांब’ म्हटल्याचे तुम्ही लिहिलेत. तुम्ही एकदा तरी म्हणालात का?”

अमृत यांनी आपले जुने निवेदन उलटे करून मेजावर ठेवले.

“नाही,” ते शेवटी म्हणाले. “वेळच नव्हता. पण ते वाक्य नसतं तर मी उघडा पडलो असतो. सगळेच लिहितात ते वाक्य, साहेब.”

“त्या वाक्यामुळेच गुरुला धीर आला. वर्दीतला माणूस लिहितो, तर आपण का लिहू नये?”

अमृत उठून उभे राहिले. त्यांनी कोरा कागद मागितला, आणि नवे निवेदन स्वतःच्या हाताने, त्याच खुर्चीत बसून लिहिले. ते चार ओळींचे होते.

७

अहवाल गेला. झाकणाबद्दल आणि खोट्या पुराव्याबद्दल बसलिंगप्पा आणि गुरु यांच्यावर गुन्हा दाखल झाला, अमृत निलंबित झाले आणि त्यांच्या गोळीची स्वतंत्र चौकशी सुरू झाली. शहराने आपली मते मात्र बदलली नाहीत, केवळ जागा बदलल्या. काल ज्यांनी हार घातले ते आज कारखानदारांना शिव्या देत होते, आणि काल जे मूक होते त्यांना अमृत यांना फाशी हवी होती. त्या दोन पळांचे ओझे कोणालाच उचलायचे नव्हते.

बुधवारी प्रतिक्षा अहवालाची प्रत घ्यायला आली. हरिदासच्या नावापुढचा ‘हल्लेखोर’ हा शब्द खोडला गेला होता. पडताळणीचा मार्ग मोकळा झाला होता. यशपालांना वाटले, ती रडेल. तिने प्रत दोनदा वाचली, अमृत यांच्या निवेदनाच्या चार ओळींवर तिचे बोट बराच वेळ थांबले, आणि मग तिने विचारले की, या साहेबांना मुलंबाळं हायत का? एक मुलगी आहे, असे यशपालांनी सांगितले. तिने मान हलवली.

“अजूनही भरती व्हायचंय?” त्यांनी विचारले.

“व्हय.”

पुढचा प्रश्न विचारणे शिष्टाचाराला धरून नव्हते. तरीही तो त्यांच्या तोंडून निघाला. त्या जागी तुम्ही असता, समोर पाते असते, तर?

प्रतिक्षाने दाराबाहेर पाहिले. बाहेर व्हरांड्यात सोजरबाई लाकडी बाकावर बसली होती आणि आत येण्याचे धैर्य तिला होत नव्हते.

“गोळी झाडली असती का, ते मला ठाऊक न्हाई, साहेब,” प्रतिक्षा म्हणाली. “झाडलीबी असती कदाचित. पण थांब म्हणाले नसते, तर म्हणाले असं लिहून दिलं नसतं.”

मग तिने पिशवीतून पडताळणीचा अर्ज काढला आणि मेजाच्या कोपऱ्यावर ठेवून उरलेले रकाने भरू लागली. कुटुंबातील मयत व्यक्ती या रकान्यात तिने भावाचे पूर्ण नाव लिहिले. मृत्यूचे कारण या रकान्यापाशी ती क्षणभर थांबली. ‘अपघात’ असे लिहिले असते तरी आता कोणी हरकत घेतली नसती. तिने ‘पोलिसांची गोळी’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले, खाली सही केली, आणि आईला घेऊन पोलीस आयुक्तालयाकडे चालू लागली.